कागद उशिरा आला तर काय थांबतं?

प्रिंट सर्व्हर, म्हणजे छपाईची कामं प्रिंटरांकडे पाठवणारे संगणक, किती लागतील, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक तक्ता असतो. ठिकाणं किती, मजले किती, प्रिंटर किती, रोजची पानं किती. तक्ता कष्टाने केलेला असतो. पण त्यात एक रकाना हटकून नसतो, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी भरायला हवा तो तोच. हा कागद दहा मिनिटं उशिरा आला तर काय थांबतं?

गोदामातल्या खोक्यावरचं लेबल उशिरा आलं तर खोका हलत नाही, त्याच्या मागचे खोके अडतात, दारात लागलेली गाडी निघत नाही. महिनाअखेरची हजारो बिलं दहा मिनिटं उशिरा निघाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही; सकाळपर्यंत निघाली म्हणजे झालं. साहेबांच्या टेबलावरचा विक्रीचा अहवाल रखडला तर ते पुन्हा बटण दाबतात आणि दोन प्रती निघतात. पानांच्या हिशेबात बिलं सर्वांत मोठी आणि लेबलं सर्वांत लहान. खोळंब्याच्या हिशेबात बरोबर उलट. व्यवसाय वाढू लागला की छपाईची मांडणी पानांच्या हिशेबाने वाढवली जाते, आणि तिथेच ती फसते.

मी ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणारी प्रणाली, सांभाळणाऱ्या गटात काम करते. आमच्या कामाला बेसिस म्हणतात. डेटाबेस, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, रात्रीचे जॉब, बॅकअप हे सगळं त्यात येतं, आणि छपाईही येते. नव्या माणसांना छपाई हे दुय्यम काम वाटतं. मला तसं कधीच वाटलं नाही. सिस्टिममधला व्यवहार प्रत्यक्ष जगात उतरतो तो बऱ्याचदा कागदावरूनच. ड्रायव्हरच्या हातात जे पडतं ते डिलिव्हरी नोट असते, डेटाबेसमधली ओळ नव्हे.

सुरुवात सगळीकडे सारखीच होते. एक सर्व्हर, त्यावर सगळे प्रिंटर. वीस-पंचवीस प्रिंटर असेपर्यंत ही मांडणी उत्तम चालते आणि ती बदलण्याचं काही कारण नसतं. मग दुसरं गोदाम येतं, तिसरं येतं, ईआरपीचे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर एकाचे चार होतात, आणि नवा प्रिंटर आला की तो 'जिथे जागा आहे तिथे' जोडला जातो. दोन-तीन वर्षांनी कुठला प्रिंटर कुठल्या सर्व्हरवर का आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता फसतं कसं, ते एका संध्याकाळच्या उदाहरणाने सांगते. गोदामातून फोन आला की लेबलं निघत नाहीत. लेबल प्रिंटर चालू होते, नेटवर्क ठीक होतं, सर्व्हरचा सीपीयू जवळजवळ रिकामा होता. वर्क प्रोसेसची, म्हणजे सर्व्हरवर काम उरकणाऱ्या प्रोग्रॅमांची, यादी उघडली तर छपाई पुढे पाठवणाऱ्या सगळ्या स्पूल प्रोसेस 'चालू' दिसत होत्या, आणि सगळ्यांच्या नावासमोर एकच प्रिंटर होता. तो होता दुसऱ्याच मजल्यावरचा एक साधा लेझर प्रिंटर. टेबलं हलवताना कुणीतरी त्याचा प्लग काढून ठेवला होता. त्याच्याकडे जाणारे अहवाल एकामागून एक रांगेत होते आणि प्रत्येक अहवाल एकेक प्रोसेस धरून बसला होता.

का धरून बसतो, हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. बंद प्रिंटरकडे टीसीपी (नेटवर्कवरची) जोडणी करायला गेलं आणि पलीकडून होकार नाही, नकारही नाही, अशी स्थिती आली, की लिनक्स लगेच हार मानत नाही. बऱ्याच आवृत्त्यांत पहिल्या प्रयत्नानंतर तो आणखी सहा वेळा विचारतो आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतो: १, २, ४, ८, १६, ३२, ६४ सेकंद. बेरीज १२७ सेकंद. म्हणजे एका मेलेल्या प्रिंटरकडे जाणारा एक जॉब एका प्रोसेसची दोन मिनिटं खातो, आणि असे दहा जॉब असले तर वीस मिनिटं. मध्ये फायरवॉल असेल आणि ती पॅकेट गुपचूप टाकून देत असेल, तर नेमकं हेच घडतं. अशा वेळी सीपीयू दुप्पट करून किंवा मेमरी वाढवून काही फरक पडत नाही. सर्व्हरकडे ताकद होती; त्याच्याकडे मोकळे हात नव्हते.

म्हणून प्रिंट सर्व्हर वाढवण्याचा विचार मी नेहमी इथून सुरू करते: वाट कोण पाहतंय?

एसएपीमध्ये, म्हणजे आमच्या ईआरपीत, छपाई दोन टप्प्यांत होते. प्रोग्रॅम जे छापायला देतो ती स्पूल रिक्वेस्ट. तिचा मजकूर टेमसे नावाच्या साठ्यात जातो. 'हे अमुक प्रिंटरवर पाठव' हा जो हुकूम, ती आउटपुट रिक्वेस्ट. हुकूम आला की स्पूल वर्क प्रोसेस मजकूर त्या प्रिंटरच्या भाषेत बदलते आणि पुढे धाडते. पुढे कसं धाडायचं ते अ‍ॅक्सेस मेथड ठरवते. 'यू' लावली तर स्पूल प्रोसेस स्वतः नेटवर्कवरून एलपीडी या छपाईच्या जुन्या प्रोटोकॉलने समोरच्या यंत्राशी बोलते आणि बोलणं संपेपर्यंत तिथेच अडकते. युनिक्स किंवा लिनक्सवर 'एल' आणि विंडोजवर 'सी' लावली तर ती मजकूर त्याच यंत्रावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्पूलरकडे, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवते आणि लगेच पुढच्या कामाला मोकळी होते.

हा फरक यादीत एका अक्षराचा दिसतो. पण कप्ससारखा (लिनक्सवर नेहमी भेटणारा) स्पूलर प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळी बॅकएंड प्रोसेस, म्हणजे त्या प्रिंटरशी बोलणारा वेगळा प्रोग्रॅम, चालवतो. तिथे एक प्रिंटर मेला तर त्याची एक प्रोसेस वाट पाहते, शेजारच्या प्रिंटरला झळ लागत नाही. वाट पाहणं ज्याला स्वस्तात जमतं त्याच्याकडे ते द्यावं आणि मोजक्या, महागड्या स्पूल प्रोसेस मोकळ्या ठेवाव्यात. त्या संध्याकाळनंतर आम्ही पहिलं काम हेच केलं: प्रत्येक स्पूल सर्व्हरवर कप्स, आणि एसएपी त्याच्याकडे सोपवून मोकळं. सोबत होस्ट स्पूलरला स्थिती विचारत बसू नकोस, अशीही एक खूण प्रिंटरच्या व्याख्येत करता येते. जिथे जॉब भरपूर असतात तिथे ती जरूर करावी.

कप्स वापरताना दोन गोष्टी आधीच बघून ठेवा. बॅकएंडला चूक आढळली की प्रिंटरची रांगच थांबवायची, हे त्याचं एक धोरण आहे. ते लागू असेल तर कागद अडकला म्हणून थांबलेली रांग कुणीतरी हाताने सुरू करेपर्यंत थांबलेलीच राहते. लेबल प्रिंटरसाठी 'पुन्हा प्रयत्न कर' हे धोरण लावलेलं बरं. दुसरं म्हणजे एका वेळी किती जॉब लक्षात ठेवायचे याची मूळ मर्यादा ५०० आहे. झालेले जॉब जुने होतील तसे तो विसरतो, पण न झालेले ५०० साचले तर नवीन घेत नाही. महिनाअखेरच्या बिलांपुढे ५०० हा आकडा काहीच नाही.

आता प्रोसेस किती ठेवायच्या याचा हिशेब. सोपा आहे, तरी अंदाजाने ठरवणारेच जास्त भेटतात. मिनिटाला ४० लेबलं येत असतील आणि एका लेबलाला सरासरी ३ सेकंद लागत असतील, तर दर मिनिटाला १२० सेकंदांचं काम येतं. म्हणजे सतत दोन प्रोसेस पूर्ण गुंतलेल्या. दोनच ठेवल्या तर रांग कधीच संपणार नाही, कारण काम एकसारखं येत नाही, लाटेने येतं. एकाच प्रोसेसचं उदाहरण घ्या. एका जॉबला सरासरी २ सेकंद लागतात आणि काम मनाला येईल तसं येतं. प्रोसेस निम्मा वेळ गुंतलेली असेल तर जॉब आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी ४ सेकंद लागतात. ८० टक्के गुंतली की १० सेकंद. ९० टक्क्यांना २०, ९५ टक्क्यांना ४०. शेवटच्या पाच टक्क्यांनी वाट पाहणं दुप्पट केलं. म्हणून तातडीच्या छपाईच्या प्रोसेस मी अर्ध्याहून जास्त गुंतू देत नाही, आणि त्या निवांत दिसतात म्हणून कुणी कमी करायला सांगितलं तर हा हिशेब समोर ठेवते. ढिगाने निघणाऱ्या बिलांच्या सर्व्हरला मात्र ९० टक्के गुंतू द्यायला माझी काही हरकत नसते.

याच हिशेबातून पुढची गोष्ट आपोआप येते. या दोन प्रकारची कामं एका सर्व्हरवर असू नयेत. एकाच रांगेत असू नयेत एवढंच नव्हे. एका प्रोसेसच्या संचातही असू नयेत. इस्पितळात अपघाताचा विभाग आणि बाह्यरुग्ण विभाग वेगळे असतात ते याच कारणाने. एसएपीने सर्व्हर आणि प्रिंटर या दोघांनाही वर्ग लावायची सोय ठेवली आहे: उत्पादनाची छपाई, मोठ्या प्रमाणातली छपाई, टेबलावरची छपाई आणि चाचणी. बऱ्याच ठिकाणी हा रकाना रिकामाच सापडतो. भरायला फार वेळ लागत नाही, पण भरण्यासाठी प्रत्येक प्रिंटरबद्दल तो सुरुवातीचा प्रश्न कुणाला तरी विचारावा लागतो, आणि म्हणूनच तो भरणं मोलाचं आहे. हे उत्तर आमच्यासारख्यांकडे नसतं, ते गोदामाच्या पाळीवर काम करणाऱ्याकडे असतं. मी तिथे जाऊन विचारते. एकदा तर कुणाच्याच यादीत नसलेला, कोपऱ्यातला एक जुना प्रिंटर धोकादायक मालाच्या घोषणापत्रांचा निघाला. तो बंद पडला असता तर तसला माल बाहेरच पडला नसता.

टेबलावरचे प्रिंटर तर मी शक्य तिथे सर्व्हरवरून काढूनच टाकते. ज्याला स्वतःच्या पडद्यावरून स्वतःच्या शेजारच्या प्रिंटरवर एखादं पान काढायचं आहे, त्याला फ्रंटएंड छपाई पुरते; जॉब त्याच्याच संगणकावरच्या प्रिंटरकडे जातो. अट एकच. समोर माणूस बसलेला हवा. रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबला ही वाट चालत नाही, कारण त्याच्यासमोर कुणाचाच पडदा नसतो. ही एक अट लक्षात घेऊन छाननी केली तर प्रिंटरच्या यादीतला मोठा भाग गळून पडतो. यादी लहान होणं हीसुद्धा क्षमता वाढवण्याचीच एक रीत आहे.

आता नावांबद्दल. प्रिंटरच्या व्याख्येत खऱ्या सर्व्हरचं नाव लिहू नये. एवढं एकच पाळलं तरी पुढच्या दहा वर्षांचा त्रास वाचतो, असं मी छातीठोकपणे सांगेन. एसएपीमध्ये यासाठी लॉजिकल सर्व्हर आहेत. समजा 'गोदाम-तातडी' या नावाचा लॉजिकल सर्व्हर केला. साठ लेबल प्रिंटर त्या नावाला जोडलेले. ते नाव आज कुठल्या खऱ्या सर्व्हरकडे बोट दाखवतं, हे एकाच जागी लिहिलेलं. खरा सर्व्हर बदलायचा झाला तर साठ व्याख्या बदलाव्या लागत नाहीत, एक बदलावी लागते. त्याला पर्यायी सर्व्हरही नेमता येतो, म्हणजे पहिला पडला तर काम दुसऱ्याकडे जातं. विंडोजच्या प्रिंट सर्व्हरसाठी हेच काम डीएनएसमधलं, म्हणजे नेटवर्कवरच्या नावांच्या नोंदवहीतलं, टोपणनाव करू शकतं, फक्त सर्व्हरला ते टोपणनाव स्वीकारायला वेगळं शिकवावं लागतं. नाहीतर तो स्वतःच्या खऱ्या नावाखेरीज दुसऱ्या हाकेला ओ देत नाही.

लॉजिकल नावाचा खरा फायदा मात्र चाचणी सिस्टिम नव्याने तयार करताना कळतो. उत्पादन (प्रत्यक्ष कामाच्या) सिस्टिमची प्रत काढून चाचणी सिस्टिम केली की प्रिंटरच्या सगळ्या व्याख्याही तशाच येतात, खऱ्या प्रिंटरच्या खऱ्या पत्त्यांसकट. मग कुणीतरी चाचणी म्हणून डिलिव्हरी पोस्ट करतं आणि खऱ्या गोदामात खऱ्या प्रिंटरमधून, खरं दिसणारं, पण अस्तित्वात नसलेल्या ऑर्डरचं लेबल निघतं. ते लेबल कुणी खोक्यावर लावलं तर? लॉजिकल सर्व्हर असतील तर चाचणी सिस्टिममध्ये तीच नावं अशा सर्व्हरकडे वळवायची ज्याला गोदामाच्या नेटवर्कची वाटच ठाऊक नाही. पाच-सहा नोंदी बदलल्या की सगळे प्रिंटर सुरक्षित. प्रतीनंतरच्या कामांच्या यादीत हे काम पहिलं असावं, आणि सिस्टिम लोकांना खुली करण्याआधी दोघांनी मिळून तपासावं.

प्रिंटरच्या स्वतःच्या नावात यंत्राचं मॉडेल घालू नका, हेही आलंच. यंत्र बदलतं, नाव राहतं, आणि मग लेझरच्या नावाने थर्मल प्रिंटर चालतो. नावात जागा असावी आणि काम असावं. एसएपीमध्ये प्रत्येक प्रिंटरला लांब नावासोबत चार अक्षरांचं एक छोटं नाव असतं. त्या चार अक्षरांत देश, इमारत, मजला बसवायचा मोह होतो. व्यवसाय वाढला की ती पद्धत तुटतेच. छोटं नाव सिस्टिमला हवं ते घेऊ द्यावं.

दोन सर्व्हर मिळून एका प्रिंटरचा भार वाटून घेतात, हे ऐकायला छान वाटतं. इथे मी जरा थांबते, कारण छपाईतले सर्वांत अवघड प्रश्न इथेच आहेत.

पहिला प्रश्न क्रमाचा. भार वाटला गेला की आधी दिलेला जॉब आधीच छापला जाईल, याची खात्री उरत नाही. एक जॉब या सर्व्हरच्या प्रोसेसकडे जातो, पुढचा त्या सर्व्हरच्या. जो आधी मोकळा होईल तो आधी पोहोचतो. अहवालांना याने फरक पडत नाही. पण आधीच क्रमांक छापलेल्या कोऱ्या अर्जांवर छपाई असेल, किंवा एका खोक्याची पाच लेबलं एकामागून एक हवी असतील, तर घोटाळा होतो. अशा प्रिंटरसाठी 'दिलेल्या क्रमानेच' ही सोय वापरता येते. तिने वेग थोडा घटतो, म्हणून ती सरसकट लावू नये. पण जिथे हवी तिथे वेगाची चिंता करू नये.

दुसरा प्रश्न दोनदा छापलं जाण्याचा. सर्व्हर मध्येच पडला आणि पर्यायी सर्व्हरने काम उचललं, तर अर्धा पाठवलेला जॉब पुन्हा पाठवायचा की नाही? अहवालाची दुसरी प्रत निघाली तर कागद वाया गेला, इतकंच. पण खोक्याच्या लेबलावर अनुक्रमांक असतो आणि तो जगात एकदाच असायला हवा. एकच क्रमांक दोन खोक्यांवर लागला तर ती चूक दोन आठवड्यांनी, दुसऱ्याच कुणाच्या तरी गोदामात उघडकीला येते. तेव्हा अनुक्रमांकाच्या लेबलांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: आपोआप पुन्हा छापू नये. जॉब अडकवून ठेवावा, माणसाने प्रिंटरपाशी जाऊन काय निघालं ते पाहावं आणि मग ठरवावं. त्यात काही मिनिटं जातात. जाऊ द्यावीत.

आणि 'छापलं' म्हणजे नेमकं काय? ९१०० पोर्टवरची (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार) छपाई म्हणजे थेट प्रिंटरमध्ये बाइट ओतणं. शेवटचा बाइट गेला की जॉब पूर्ण. कागद निघाला का, रिबन संपली होती का, लेबल वाकडं गेलं का, याचा त्यात पत्ता नसतो. एलपीडीही याबाबतीत जवळजवळ तेवढाच अबोल. एलपीडीचं वर्णन करणारं आरएफसी ११७९ हे इंटरनेटच्या नियमांचं कागदपत्र १९९० सालचं आहे, आणि त्या काळाच्या खुणा त्यात दिसतात. जोडणी करणाऱ्याने आपल्या बाजूचं पोर्ट ७२१ ते ७३१ यांतलंच वापरावं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे फक्त अकरा पोर्टं. जोडणी संपल्यावर ते पोर्ट काही काळ राखीव राहतं. टीसीपीच्या मूळ व्याख्येप्रमाणे चार मिनिटं. नियम काटेकोर पाळणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एकाच प्रिंटरकडे चार मिनिटांत अकरा जॉब गेले की बारावा खोळंबतो. दिवसाला पन्नास जॉब होते तेव्हा हे कुणाला जाणवलं नसतं. व्यवसाय वाढला की जाणवतं, आणि कारण सापडायला फार वेळ जातो, कारण कुठल्याच लॉगमध्ये ते नीट लिहिलेलं नसतं. पुढे बहुतेकांनी ही मर्यादा सैल केली, पण जुन्या यंत्रांत ती अजून भेटू शकते.

आयपीपी हा त्यानंतरचा छपाईचा प्रोटोकॉल या बाबतीत खूप सरस आहे. तो ६३१ पोर्टवर चालतो, जॉबची स्थिती विचारता येते, प्रिंटर काय करू शकतो तेही विचारता येतं. नवे प्रिंटर घेताना मी आयपीपी नीट चालतो का हे आधी पाहते. जिथे तो नाही तिथे एसएनएमपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीने, प्रिंटरचा पानांचा आकडा जॉबच्या आधी आणि नंतर वाचून पडताळा घेता येतो. हा उपाय जोडकामाचा आहे, पण महत्त्वाच्या प्रिंटरसाठी करण्याजोगा आहे.

बाइटांचा विषय निघालाच आहे तर आकारमानही पाहू. ए-४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे साधारण ४,९६० गुणिले ७,०१५ ठिपके. काळं-पांढरं चित्र म्हणून न दाबता पाठवलं तर एका पानाचे सुमारे ४.३५ एमबी. चार रंगांत, प्रत्येक रंगाला आठ बिट धरले, तर जवळजवळ १४० एमबी. दूरच्या गोदामाची लाइन १० एमबीपीएस असेल तर ते एक रंगीत पान जवळजवळ दोन मिनिटं ती लाइन भरून ठेवेल. दाबून पाठवल्यावर आकडे खूप खाली येतात, हे खरं. पण तेच पान पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषांत मजकूर म्हणून गेलं तर काही केबीत भागतं. लेबलांचंही तसंच. चार बाय सहा इंचाचं लेबल २०३ डीपीआयला चित्र म्हणून सुमारे १२४ केबी. झेडपीएल या लेबल प्रिंटरच्या भाषेतल्या आज्ञा म्हणून एक-दोन केबी. लेबलाचा आराखडा करणाऱ्याने सोयीसाठी सगळं चित्रात बदललं, तर त्याची किंमत प्रत्येक लेबलाला मोजावी लागते. प्रिंट सर्व्हर वाढवण्याआधी स्पूल फाइलीचा आकार एकदा उघडून पाहावा, असं मी म्हणते ते यासाठी.

याचाच दुसरा भाग म्हणजे दूरच्या ठिकाणी छोटा सर्व्हर ठेवायचा की सगळं मध्यवर्ती ठेवायचं. लाइन पडल्यावर तिथलं काम चालू राहू शकतं का, यावर मी ते ठरवते. लाइन पडल्यावर ईआरपीच मिळणार नसेल, तर तिथला प्रिंट सर्व्हर चालू असून उपयोग नाही; तो फक्त सांभाळायचं आणखी एक यंत्र ठरतो.

विंडोजच्या बाजूला ड्रायव्हर, म्हणजे मजकूर प्रिंटरला समजेल असा करणारा प्रोग्रॅम, हा स्वतंत्र विषय आहे. तिथे प्रिंटरची संख्या फारशी त्रास देत नाही. वेगवेगळ्या ड्रायव्हरांची संख्या त्रास देते. पूर्वी सगळे ड्रायव्हर स्पूलरच्याच प्रोसेसमध्ये चालत, एक कोसळला की सगळी छपाई बंद. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर-२ पासून ड्रायव्हर वेगळ्या प्रोसेसमध्ये बाजूला ठेवता येतात. तरीही मी सर्वसाधारण ड्रायव्हर दोन-तीनच ठेवते आणि 'या मॉडेलचा खास ड्रायव्हर हवा' या मागणीला कारण विचारते. जुलै २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर ही विंडोजच्या स्पूलरमधली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, तेव्हा स्पूलर केवढ्या अधिकाराने चालतो हे सगळ्यांनाच कळलं. त्याच वर्षी ऑगस्टच्या अपडेटपासून ड्रायव्हर बसवायला मुळातच अ‍ॅडमिनचे अधिकार लागू लागले. ज्या यंत्रावरून छपाई होत नाही तिथे स्पूलर बंद असावा, डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, तर नक्कीच, आणि प्रिंट सर्व्हर हा फक्त प्रिंट सर्व्हरच असावा.

साफसफाईबद्दल थोडक्यात. एसएपीमध्ये स्पूल रिक्वेस्टच्या क्रमांकांची मूळ मर्यादा ३२,००० असते, आणि रिक्वेस्ट सहसा आठ दिवस ठेवल्या जातात. दिवसाला चार हजारांवर रिक्वेस्ट होऊ लागल्या की हे दोन आकडे एकमेकांवर आदळतात आणि एका सकाळी कुणालाच काही छापता येत नाही. क्रमांकांची मर्यादा वाढवता येते, ती आधीच वाढवावी. आरएसपीओ१०४१ हा जुन्या रिक्वेस्ट काढणारा प्रोग्रॅम आणि आरएसपीओ१०४३ हा साठ्याची सुसंगती तपासणारा प्रोग्रॅम, दोन्ही रोज रात्री चालावेत.

लक्ष ठेवायचं ते कशावर? रांगेत किती जॉब आहेत, यावर बहुतेकजण इशारा लावतात. माझ्या अनुभवात तो आकडा दिशाभूल करतो. बिलांच्या रांगेत पाच हजार जॉब असणं ही महिनाअखेरची नेहमीचीच गोष्ट. लेबलांच्या रांगेत तीन जॉब असणं हे संकट असू शकतं. मी रांगेतल्या सर्वांत जुन्या जॉबचं वय पाहते. लेबलांसाठी एक मिनिट, डिलिव्हरी नोटसाठी पाच, बिलांसाठी काही तास. वर्गवारी आधी केलेली असेल तर या मर्यादा आपोआप ठरतात, आणि इशारा आला की खरंच काहीतरी थांबलंय एवढं नक्की असतं.

तो इशारा फक्त आमच्याकडे येऊन भागत नाही. पाळीच्या मुकादमाकडेही तो जायला हवा, आणि त्याच्या हातात काहीतरी करण्याची सोय हवी. आम्ही प्रत्येक लेबल प्रिंटरवर त्याचं लॉजिकल नाव आणि त्याच्या जागी चालणाऱ्या शेजारच्या प्रिंटरचं नाव ठळक अक्षरांत चिकटवलं आहे. मुकादमाला आपल्या गोदामातल्या रांगा पाहण्याचा आणि अडकलेले जॉब शेजारच्या प्रिंटरकडे वळवण्याचा अधिकार दिला आहे. अनुक्रमांकाची लेबलं तेवढी वगळून. हा अधिकार द्यायला सुरक्षा गटाची मंजुरी मिळवावी लागली, आणि त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. रात्रपाळीला रिबन संपली किंवा प्रिंटर तापला तर आता आधी जॉब वळवले जातात, मग फोन येतो.